पांढऱ्या चकतीची आरती

हसणार असाल तर सांगत नाही. आधीच बजावून ठेवतो. मागे एकदा आमच्या मेहुण्याला हा किस्सा सांगायला घेतला, तर तो अर्ध्यातच असा खिंकाळला की मी तडक उठून घरी आलो. येताना त्याचीच छत्री घेऊन आलो, ती अजून परत केलेली नाही. आज तुम्ही चहा पाजताय म्हणून सांगतो. पण मध्ये कोणी फिसकन जरी हसलं, तर कप खाली ठेवून चालू लागेन!

तर एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. तेव्हा मी तरुण होतो आणि रागीट होतो. आता तरुण नाही.

बेंगळुरात हेब्बाळला, तळ्याच्या अलीकडे, माती तपासायची एक प्रयोगशाळा होती. तिथे मी नोकरीला होतो. आमचं काम काय? शेतकऱ्यांच्या जमिनीची माती यायची, ती सुकवायची, चाळायची आणि तिच्यात कस किती आहे ते सांगायचं. हे काम आमचा कृष्णमूर्ती करायचा. काचेच्या नळ्या, ॲसिड, थेंब थेंब ओतणं, रंग बदलायची वाट बघणं. एका मातीला सकाळ जायची. शांतपणा तर इतका की बघूनच माझं डोकं फिरायचं.

आणि मग परदेशातून यंत्र आलं. माझं यंत्र!

त्याची गंमत अशी. अंधाऱ्या खोलीत मातीवर उजेड टाकायचा आणि त्यातला किती परत येतो ते मोजायचं. कसदार काळी माती उजेड गिळून टाकते. निकस, फिकी माती तो परत फेकते. मिनिटात निकाल, ॲसिड नको न् काही नको! पण ‘किती परत आला’ हे कशाच्या हिशेबानं ठरवायचं? त्यासाठी एक पांढरी चकती असते. मॅग्नेशियमची फीत जाळायची, तिचा पांढराशुभ्र धूर चकतीवर धरायचा, त्याचा थर बसला की झालं. आधी ती चकती यंत्रात ठेवायची, बटण पिळून काटा शंभरावर आणायचा आणि मग मातीकडे वळायचं. सगळा खेळ त्या चकतीवर. तिला बोटसुद्धा लावायचं नाही.

आता मला सांगा, अशा यंत्राला कोणी कुंकू लावतं का?

खंडेनवमी जवळ आली होती. बेंगळुरात त्या दिवशी काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. बस, सायकल, शिवणयंत्र, सुताराचा रंधा, कोणी सुटत नाही. सगळ्यांना विभूती, कुंकू, झेंडूची माळ आणि दारात कोहळा फोडायचा. आमच्या हापिसाचा शिपाई रंगप्पा या बाबतीत फार हौशी. सकाळपासून त्यानं टाइपरायटर, तराजू, चाळण्या, जीप, एवढंच काय, साहेबांच्या टेबलावरची घंटासुद्धा सजवली. मग ताट घेऊन माझ्या खोलीशी आला.

“राव सार, स्वल्प कुंकू. एकच बोट.”

“रंगप्पा, मागे हो.”

“नुसता कापूर तरी सार. लांबूनच ओवाळतो.”

“लांबूनसुद्धा नाही! हे शास्त्रीय यंत्र आहे, मारुतीची मूर्ती नाही! या खोलीत धुराचा एक कण जरी गेला ना, तर तुझ्याच डोक्यावर कोहळा फोडीन!”

सगळं हापीस गोळा झालं. मग काय, मला चेवच चढला. विज्ञान म्हणजे काय, अंधश्रद्धा म्हणजे काय, देश मागे का आहे, असं सगळं मी त्या व्हरांड्यात उभं राहून ऐकवलं. कृष्णमूर्तीनं स्वतःच्या काचेच्या नळ्यांना गंध लावलं होतं, त्यावरून त्यालाही धुतला. तो म्हणाला, “सरी सार,” म्हणजे ‘बरं साहेब’, आणि चुरमुरे खायला लागला. मग मी खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. हो, करदोट्याला! हसू नका म्हणून सांगितलंय.

दुपारनंतर सगळे प्रसाद घेऊन घरी गेले, कुलपासाठी रंगप्पा तेवढा मागे राहिला. मला प्रसाद कोणी दिला नाही. मागितला असता तर दिला असता, पण मी कशाला मागतोय?

एकटा खोलीत गेलो. म्हटलं, सुट्टीच्या आधी अक्काची माती तरी यंत्राला लावून टाकू. यंत्र सुरू केलं. दिवा एकदा लुकलुकला आणि गेला.

तो दिवा परदेशातून यायचा. मागवला की सहा-सहा महिने कागदच फिरायचे. आणि इथे अक्काची माती थांबलेली!

ही अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच मला वाढवला. सगळा जन्म तिचा बळेपेटेत भाड्याच्या दोन खोल्यांत गेला. भावोजी मिलमधून निवृत्त झाले तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. पायाखाली स्वतःची माती हवी, तिच्यात शेवंती आणि अबोली लावीन, म्हणाली. हेब्बाळच्या तळ्याखाली मुनियप्पा नावाच्या म्हाताऱ्याचा एक तुकडा विकायचा होता. दिवाळीच्या आत हो किंवा नाही सांगा, असं तो म्हणाला होता, कारण त्याच्या मागे दुसरंही गिऱ्हाईक लागलेलं. अक्कानं बिस्किटाच्या डब्यात भरून माती माझ्याकडे आणून दिली. म्हणाली, “येसू, तू सांगशील तसं.” तिच्या आयुष्याची पुंजी त्या डब्यात होती असं समजा.

आणि दिवा गेला!

आता तुम्हाला आमच्या घराण्याचं एक सांगायला हवं. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या मागून इकडे आले ते इथलेच झाले. घरात एक गंजकी तलवार आहे. खंडेनवमीला तिची पूजा आजवर एकदाही चुकलेली नाही. शस्त्र पुजलं नाही तर शस्त्र रुसतं, असं वडील म्हणायचे. मी विज्ञानाचा माणूस. माझा यावर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण त्या अंधाऱ्या खोलीत, त्या मेलेल्या यंत्रासमोर उभं राहिल्यावर वडिलांचा आवाज इतका जवळून आला म्हणता!

हळूच बाहेर डोकावलो. व्हरांड्यात रंगप्पाचं ताट तसंच पडलं होतं. त्यातला उरलेला कापूर उचलला, चांगला लिंबाएवढा. चिमूटभर अक्षता उचलल्या. निरांजन कुठून आणणार? माझी चहाची बशी घेतली. कोणाला धूर दिसू नये म्हणून दार लावलं, खिडकीचा काळा पडदा खाली ओढला, फटीत फडकं कोंबलं. पांढरी चकती म्हणजे यंत्राचं काळीज, तेव्हा तिला बाहेर काढून यंत्रापुढे मांडली. आणि मनोभावे ओवाळलं. आरती म्हणायचं धाडस झालं नाही, पण ओठ हलत होते.

तेवढ्यात दारावर थाप. “सार, हापिसाला कुलूप लावायचंय. आत आहात काय?”

रंगप्पा! मी कापूर विझवला, बशी यंत्राच्या मागे सारली, चकती जागच्या जागी ठेवली आणि दिव्याचं बटण दाबलं. आणि काय सांगू, दिवा लागला! लख्ख!

आता मला कळतं की तार सैल होती आणि मी ओवाळताना टेबलाला धक्का दिला होता. पण त्या क्षणी मी मनातल्या मनात वडिलांना साष्टांग नमस्कार घातला. बाहेर येऊन रंगप्पावर खेकसलो, “काय ठोकतोस दार! इथे नाजूक काम चालू असतं!”

तुमच्या लक्षात आलं असेल पुढे काय झालं ते. आलंच असेल, तुम्ही शहाणे. माझ्या नाही आलं.

दसऱ्यानंतर कामाला लागलो. पहिली गोष्ट, माझी बशी सापडेना. कप आहे, बशी नाही. मी रंगप्पाला उभा केला.

“बशी कुठाय?”

“गोत्तिल्ला सार. मला काय माहीत?”

“बशीला पाय फुटले काय? चोर आहात सगळे! काल बशी गेली, उद्या यंत्र जाईल!”

आता तुम्ही म्हणाल, स्वतः ठेवलेली बशी माणूस विसरतो कसा? अहो, रागात माणूस काय काय विसरतो! आणि ती आरती तर मी ठरवूनच विसरलो होतो. झालीच नाही म्हटल्यावर बशीही तिच्याबरोबर गेली. बिनबशीचा कप हातात घेऊन मी रोज चटके खायचो आणि रोज रंगप्पाला चोर म्हणायचो.

दुसरी गोष्ट म्हणजे काटा. चकती ठेवली आणि काटा शंभरावर आणायला गेलो, तर येईना. बटण पिळलं, आणखी पिळलं, शेवटपर्यंत पिळलं, तेव्हा कुठे आला. मी विजेच्या लोकांना शिव्या घातल्या. दाब कमी सोडतात हरामखोर!

मग मातीचे नमुने लावले. एकेक माती फिकी! पहिली फिकी, दुसरी फिकी, पाणथळीतली काळीकुट्ट माती तीही फिकी! साधी गोष्ट आहे हो. मळक्या धोतराशेजारी कुठलाही सदरा पांढराच दिसतो. काजळी धरलेल्या चकतीशी तुलना केल्यावर प्रत्येक माती उजळच दिसणार. पण हे मला कोण सांगणार? आणि सांगितलं तर मी ऐकणार?

मला वाटलं, कोणीतरी मातीत खडूची पूड मिसळतंय. चाळणीवाल्यांना झाडलं. मग वाटलं, नमुन्यांची अदलाबदल होतेय. पिशव्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्यांना झाडलं. कृष्णमूर्ती तेच नमुने ॲसिडनं तपासत होता. तो येऊन म्हणाला, “राव सार, माझ्याकडे तर सगळे चांगले येतायत. तुमच्या अक्कांची तर फार चन्नागिदे. उत्तम माती.”

“तुमचं ॲसिड शिळं आहे!”

“कालच नवी बाटली फोडली, सार.”

“मग तुमचे डोळे शिळे आहेत! हे यंत्र आहे यंत्र. यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात!”

तो “सरी सार” म्हणाला आणि गेला. हा माणूस चिडत का नाही, या विचारानं मला आणखी चीड आली.

त्याच संध्याकाळी सायकल काढली आणि बळेपेट गाठली. अक्का स्वयंपाकघरात पाटावर बसली होती.

“अक्का, ती जमीन नको! निकस आहे! शेवंती सोड, तिथे काटासुद्धा उगवणार नाही!”

“अय्यो. मुनियप्पा तर म्हणत होता...”

“मुनियप्पा लबाड आहे! आणि तू भोळी! जन्मभर भोळी! कोणीही येतो आणि तुला टोपी घालतो!”

मी बराच वेळ ओरडलो. अक्काच्या डोळ्यांना पाणी आलं. ते बघून मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की मी आणखी मोठ्यानं ओरडलो. शेवटी ती पदराला डोळे पुसत म्हणाली, “सरी रे येसू.” भावोजी दाराशी चपला घालत होते. मुनियप्पाला नाही म्हणून सांगायला निघाले असणार, असं मी धरून चाललो. परतताना मेखरी सर्कलच्या चढावर सायकल ढकलत स्वतःशीच बडबडत होतो. तिचं एवढं एक मागणं, आणि तेही मी मोडून टाकलं. पण यंत्रापुढे मी तरी काय करणार?

हा राग कुठेतरी निघायलाच हवा होता. तो साहेबांवर निघाला.

साहेब म्हणजे पिकल्या केसांचे, कमी बोलणारे गृहस्थ. मी त्यांच्या खोलीत जाऊन टेबलावर मूठ आपटली. घंटा वाजली.

“सर, या हापिसात घातपात चाललाय! चौकशी करा!”

“कसला घातपात?”

“माझे आकडे बिघडवतायत! माझी बशी चोरतायत! माझ्याविरुद्ध सगळे एक झालेत! आणि जो दोषी सापडेल त्यानं सगळ्यांसमोर प्रत्येकाची माफी मागायची, रंगप्पापासून! तोंडी चालणार नाही, हात जोडून!”

“हात जोडून?”

“हात जोडून!”

साहेब उठले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे कृष्णमूर्ती, त्याच्या मागे रंगप्पा आणि त्यांच्या मागे सगळं हापीस. मी करदोट्याची किल्ली काढून कुलूप उघडलं. साहेबांनी आधी खिडकीचा काळा पडदा वर केला. त्या खोलीत ऊन कधी आलंच नव्हतं. मग त्यांनी चकती बाहेर काढली, उन्हात धरली, आणि मी “सर, बोट नका लावू!” म्हणेपर्यंत तिच्यावरून बोट फिरवलं.

बोट काळं झालं.

“ही काजळी आहे,” साहेब म्हणाले. नाकाशी धरलं. “कापूर.”

एका क्षणात मला सगळं आठवायला हवं होतं ना? नाही आठवलं! उलट तळपायाची आग मस्तकात गेली.

“रंगप्पा!” मी गरजलो. “नको म्हटलं तरी केलीस शेवटी पूजा! तुझ्या या मूर्खपणापायी माझ्या अक्काची जमीन गेली! गेली ना जमीन!”

रंगप्पा गडबडला. “मी कसा करणार सार? किल्ली तुमच्या कमरेला.”

“खिडकीतून आला असशील!”

“खिडकीला गज आहेत, सार.”

“मग... मग...”

तोवर कृष्णमूर्ती यंत्राच्या मागे वाकून बघत होता. त्यानं हात घालून एक वस्तू बाहेर काढली. काठाला टवका उडालेली बशी. मध्ये काळा डाग, कडेला चार अक्षता चिकटलेल्या.

ती बशी सगळ्यांच्या ओळखीची होती. गेले कित्येक दिवस तिचं वर्णन मी ओरडून ओरडून हापीसभर ऐकवलं होतं. टवक्यासकट.

“सार,” रंगप्पा हळूच म्हणाला, “तुमची बशी सापडली.”

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. “राव,” ते म्हणाले, “नवी चकती करा. सगळे नमुने पुन्हा लावा. आणि ती हात जोडायची सूचना तुमचीच होती.”

जोडले. रंगप्पापासून सुरुवात केली. चाळणीवाले, चिठ्ठीवाले, सगळे. कृष्णमूर्तीपुढे हात जोडले तेव्हा तो “सरी सार” म्हणाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या माणसाच्या ‘सरी सार’मध्ये जगातल्या सगळ्या शिव्या असतात.

तिथल्या तिथे मॅग्नेशियमची फीत जाळली, नवी चकती केली आणि पहिली अक्काची माती लावली. काटा खाली पडला तो पडतच गेला. उजेड गटागटा गिळत होती ती माती! कृष्णमूर्ती म्हणाला होता तशीच. उत्तम.

आणि मी तिला नाही म्हणायला लावलं होतं!

सायकल अशी हाणली की चेन दोनदा पडली. दोन्ही वेळा मी त्या चेनशी भांडलो. बळेपेटेत पोचलो तेव्हा हात काळे, सदरा घामानं चिंब. अक्का पाटावर कांदे चिरत बसली होती.

“अक्का! मुनियप्पाला कळवलं? गेली जमीन?”

“आधी पाणी पी.”

“पाणी गेलं खड्ड्यात! कळवलं का सांग!”

“नाही कळवलं.”

“काय? मी एवढा घसा फोडून सांगितलं तरी?”

“तुझे भावोजी निघाले होते. मी म्हटलं, स्वल्प थांबा.”

“का पण? आणि तू रडत होतीस ना त्या दिवशी?”

“कांदे चिरत होते,” अक्का डोळे पुसत म्हणाली. “आज चिरतेय तसे.”

मी मटकन खाली बसलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

“येसू, तू एवढासा होतास तेव्हापासून मी तुला बघते. तुझं तोंड लाल असलं की त्या दिवशीचं तुझं बोलणं धरायचं नाही. रंग उतरला की मग विचारायचं. तुमच्या हापिसात ते यंत्र आलंय ना, रंग बघून माती ओळखायचं? तसंच हे. फक्त मला दिवा लागत नाही.”

झालं! म्हणजे मी शिकलेला, प्रयोगशाळेतला माणूस, यंत्राचा एकमेव जाणकार, आणि माझ्या शब्दाला घरात ही किंमत?

“म्हणजे माझं कधी ऐकतच नाही तुम्ही!” मी ताडकन उठलो. “मी इथे जीव टाकून सायकल हाणत आलोय! माती उत्तम आहे! सोनं आहे! आत्ताच्या आत्ता जा आणि घ्या ती जमीन! दुसरं गिऱ्हाईक टपलंय, कळत कसं नाही तुम्हाला! भावोजी, उठा!”

भावोजी बिचारे उठले आणि चपला घालायला लागले.

अक्कानं माझ्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं. मग शांतपणे पुढचा कांदा उचलला.

“अहो, चपला काढा,” ती म्हणाली. “आज नको जायला.”

जमीन मिळाली हो शेवटी. दिवाळीच्या आदल्या दिवशी, अगदी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडातून. तोवर काय, घरात सगळे माझा रंग उतरायची वाट बघत बसले होते.